वाचकांचे प्रश्न : वाहिनी कोणाची, सिम कोणाचं?

प्रश्न : २०२५ च्या जुलैत नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला रिलायन्सच्या अंबानींच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेलं, तेव्हा आमच्याकडं कित्येकांनी जिओचं कार्ड पोर्ट केलं. आता कट्ट्यावर वाद आहे की टीव्हीवरच्या बातम्याही रिलायन्सच्याच. खरं काय? आपलं आपण तपासता येतं का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : अर्धं खरं. नेटवर्क१८ समूह २०१४ पासून रिलायन्सच्या ताब्यात आहे. मराठीतली ‘न्यूज१८ लोकमत’ ही लोकमत समूहाबरोबरच्या भागीदारीतली त्यांची वाहिनी. पण ‘साम’ सकाळची, ‘एबीपी माझा’ कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाची. कट्ट्यावर वेगळंच काहीतरी निसटलेलं दिसतं. ‘कार्ड बदला’ हे मेसेज फिरले व्हॉट्सॲपवर. त्याची मालक मेटा, आणि मेटानं २०२० मध्ये ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्सचा (जिओची मूळ कंपनी) ९.९९ टक्के हिस्सा घेतलाय. त्याच वर्षी गूगलनं ३३,७३७ कोटींना ७.७३ टक्के घेतला, आणि यूट्यूब गूगलचं. १९०० ला एसएमएस टाकून कोड मिळवला की सिम बदलता येतं, एवढंच; ही मालकी बदलत नाही.

तपासायचं असं. दैनिकाच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ असते, तिथून मालक कंपनीचं पूर्ण नाव घ्या. वाहिनीचं नाव तिच्या संकेतस्थळावर मिळतं. त्या नावावरून कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, शोधा. तो एल नं सुरू होत असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. दर तिमाहीचा भागधारकांचा तक्ता बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. यू असेल तर ती बाजारात नोंदलेली नाही; मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरा आणि एमजीटी-७ हे वार्षिक विवरण उघडा. कागद तीनच तास खुले राहतात, तेव्हा लगेच उतरवून घ्या.

घोळ होतो तो इथं : यादीत माणसाऐवजी दुसऱ्याच कंपनीचं नाव निघतं. मग तिचा सीआयएन, तिचं विवरण, असं मागं मागं जायचं. आणि कर्ज या यादीत दिसतच नाही. एनडीटीव्हीच्या प्रवर्तक कंपनीनं २००९ मध्ये घेतलेल्या कर्जाला शेअरमध्ये बदलायचा हक्क चिकटलेला होता. २०२२ मध्ये अदानी समूहानं कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली आणि त्या हक्काच्या जोरावर एनडीटीव्हीच्या २९.१८ टक्क्यांपर्यंत पोचला. म्हणून ताळेबंदातली कर्जाची टीपही वाचा. कंटाळवाणी असते, पण खरी गोम तिथंच.

प्रश्न : ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ मेसेज खोटाच समजायचा का? (कागल)

उत्तर : नाही. अशा मेसेजवर दिसणाऱ्या दोन बाणांचा अर्थ तो किमान पाच टप्पे फिरून आलाय, आणि तुम्हाला तो एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येईल. मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाण गायब. म्हणजे बाण नसणं हा खरेपणाचा दाखला नव्हे. टिळक-आगरकरांनी कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं छापली, ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये ते दोघं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले. त्यांच्या हाती ती पत्रं पुढून-मागून तपासायला फारसं काही नव्हतं. तुम्ही निदान मेसेजमधलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि सगळ्यात जुनी तारीख बघा.