शेवट आधीच माहीत असतो, तरी छोट्या गावातल्या ख्रिसमसच्या गोड प्रेमकथा लोक का वाचतात?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या छोट्या गावांत घडणाऱ्या ‘स्वीट’ ख्रिसमस प्रेमकादंबऱ्यांचा शेवट कव्हर बघूनच कळतो, मग दरवर्षी इतके लोक त्या पुन्हा पुन्हा का घेतात?

शेवट ठाऊक असणं ही इथली अटच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येत दोनच गोष्टी येतात: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. सीतास्वयंवराच्या कीर्तनाला बसलेल्यांना धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असतं, तरी माणसं रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. काय होणार याची धाकधूक संपली की कसं होतंय हे नीट बघता येतं. आणि या पुस्तकांत ते ‘कसं’ फार बारकाईने विणलेलं असतं.

‘स्वीट’, ‘क्लीन’ किंवा ‘क्लोज्ड डोअर’ म्हणजे शयनगृहाचं दार वाचकासाठी बंद. एखाद-दोन चुंबनं, तीही बहुतेकदा उत्तरार्धात. आता लेखिकेच्या जागी बसून बघा. साधारण पन्नास-पंचावन्न हजार शब्द हातात आहेत, दोघांमधली ओढ वाढत न्यायची आहे आणि शारीरिक जवळीक जवळपास वर्ज्य आहे. मग हात कशाला लावायचा? कामाला. माझ्या मते या प्रकाराची सगळी मोहिनी इथेच आहे. चांगल्या गोड ख्रिसमस कादंबरीत प्रेम जमतं ते दोघांनी मिळून करायच्या कामांत, आणि त्या कामांमध्ये येणाऱ्या वाट बघण्यात.

बेकरीचा प्रसंग घ्या, कारण तो जवळपास प्रत्येक दुसऱ्या पुस्तकात असतो. शुगर कुकीजची कणीक मळली की तासभर तरी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर लोणी मऊ राहतं आणि ताऱ्याचा आकार भट्टीत पसरून जातो. म्हणजे दोघांना एक तास मिळाला, आणि कुणीही मुद्दाम मागितलेला नाही. मग भाजणं, मग पूर्ण गार होणं. नंतर रॉयल आयसिंगचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या लेपाचा, पांढरा थर, आणि तो वाळल्याशिवाय वर लाल रंग घालायचा नाही, कारण ओल्यावर घातला तर लाल पांढऱ्यात फुटतो. इथे पुन्हा काही तास. जाणकार लेखिका या प्रत्येक थांब्यावर एकेक गोष्ट उघड करते: पहिल्या तासात नुसती चेष्टामस्करी, दुसऱ्या थांब्यावर तो आईबद्दल बोलतो, आणि रात्री रंग भरताना दोघंही गप्प असतात, पण ते गप्प राहणं आता वेगळं असतं. घाईत लिहिलेल्या पुस्तकात मात्र कुकीज दहा मिनिटांत तयार होतात, आणि प्रेमही तसंच होतं.

दिव्यांच्या माळांचंही तेच. जुन्या माळांत बल्ब एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असायचे. एक गेला की सगळी माळ बंद. एकाने माळ धरायची, दुसऱ्याने चांगला बल्ब घेऊन एकेक जागा तपासत जायचं. दोन माणसांचंच काम ते.

छोटं गाव का लागतं, तेही यातूनच कळतं. शहरात ही कामं पैसे देऊन होतात. गावात चौकातल्या झाडावर दिवे चढवायचे तर शिडी हार्डवेअरच्या दुकानातून येते, चहा-कॉफी चर्चच्या तळघरातून, आणि कोण आलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात येतं. आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, ही भावना मला या पुस्तकांतल्या प्रेमकथेइतकीच मोलाची वाटते. ही गावं पूर्ण हवेतली असतात असंही नाही. लेखिका डेबी मॅकोंबर यांचं सीडर कोव्ह हे काल्पनिक गाव वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट ऑर्चर्डवर बेतलेलं आहे. अर्थात प्रत्यक्षात अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या गावांच्या मुख्य रस्त्यांवरची दुकानं बंद पडली आहेत. पुस्तकातली भरलेली दुकानं ही वाचकांची ओढ आहे, वर्णन नव्हे. शिवाय या काल्पनिक गावांत बराच काळ बहुतेक गोरेच लोक राहत आले. अलीकडे ते बदलतंय आणि त्याने पुस्तकं चांगलीच झाली आहेत.

ख्रिसमसचा उपयोग सर्वांत आधी घड्याळ म्हणून होतो. गोष्ट बहुधा थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या आसपास सुरू होते, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. तिथून २५ डिसेंबरपर्यंत २७ ते ३३ दिवस. मुदत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आत फराळ व्हायलाच हवा हे आपल्याकडे कुठे सांगावं लागतं? दुसरं, सण घरातली रिकामी जागा दाखवतो. नायक विधुर असणं किंवा नायिकेचा वडिलांशिवायचा हा पहिलाच ख्रिसमस असणं फार वेळा येतं, आणि त्याला लोक ठोकळेबाज म्हणतात. पण माळ्यावरून सजावटीचा खोका खाली आणला आणि त्यात गेलेल्या माणसाचं नाव भरलेला, ख्रिसमसला भेटवस्तूंसाठी टांगायचा लोकरी मोजा सापडला, तर तो शेकोटीवर टांगायचा की परत खोक्यात ठेवायचा, हा निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो. ज्या पुस्तकात तो मोजा दोन-तीन पानं हातात राहतो, ते पुस्तक विश्वासाने वाचा.

ट्री फार्म, म्हणजे ख्रिसमसच्या झाडांचा मळा, हे माझं सर्वांत आवडतं स्थळ. सहा-सात फुटांचं झाड तयार व्हायला साधारण सात ते दहा वर्षं लागतात, मध्ये दर उन्हाळ्यात छाटणी. आता नायिका आठ वर्षांपूर्वी गाव सोडून गेली असेल, तर त्या वर्षी वडिलांनी लावलेली रोपं आज तिच्या डोक्याच्या वर गेलेली आहेत आणि याच हंगामात तोडायची आहेत. लेखिकेने हे ओळखलं असेल तर त्या रांगेतून नुसतं चालत जाणं पुरतं, संवादांची गरज पडत नाही. ओळखलं नसेल तर मळा फक्त फोटोची पार्श्वभूमी होऊन राहतो, आणि ‘मळा कर्जात आहे’ हे संकट एका जत्रेच्या कमाईत मिटतं. ते अजिबात पटत नाही.

अशा चुका जाणत्या वाचकाला लगेच टोचतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथे सहा वाजता सोनेरी ऊन पडलं की पुस्तकावरचा भरवसा जातो. झाडांचंही तसंच: ख्रिसमसला सजवतात त्या फर झाडांपैकी तिथल्या रानात बाल्सम फर असतं, फ्रेझर फर मूळचं दक्षिण ॲपलाशियन डोंगरांतलं. पण याहून मोठी चूक पाऊण पुस्तक झाल्यावर होते, जिथे दोघांची ताटातूट यायची असते. ती एका फोनने मिटण्यासारख्या गैरसमजावर उभी असेल तर आधीचं सगळं फुकट. ताटातूट खऱ्या अडचणीतून यावी: तिची नोकरी खरंच शिकागोत आहे, त्याची मुलगी खरंच इथल्या शाळेत रुळली आहे. आणि नायिकेने शेवटी सगळं करिअर सोडून द्यावं हा उपाय मला मान्य नाही. चांगल्या लेखिका तिचं कामच गावात आणण्याची वाट आधीपासून तयार करून ठेवतात.

विशिष्ट हंगामाचं वाचन आपल्याला परकं नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवरच. ही पुस्तकंही सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतात आणि वाचक ती डिसेंबरसाठी राखून ठेवतात.

स्वतः वाचून बघायचं असेल तर पंचवीस-तीस हजार शब्दांच्या नॉव्हेलापासून, म्हणजे छोट्या कादंबरीपासून, सुरुवात करा, दोन संध्याकाळी पुरतात. चित्र काढलेल्या गोंडस कव्हरवरून पुस्तक ‘स्वीट’ आहे असं समजू नका. आता तशा कव्हरखाली भरपूर शृंगारही असतो, म्हणून वर्णनात ‘स्वीट’ किंवा ‘क्लीन’ हा शब्द शोधा. ‘इन्स्पिरेशनल’ लिहिलं असेल तर ख्रिस्ती श्रद्धा आणि प्रार्थना हा कथेचाच भाग असतो. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिका त्याच प्रकारची. मालिकेतला मधलाच ख्रिसमस भाग उचललात तर आधीच्या पुस्तकांतली पाच-सहा जोडपी एकाच जेवणाच्या टेबलावर भेटतील आणि नावं लक्षात राहणार नाहीत, तेव्हा पहिला भाग किंवा स्वतंत्र कादंबरी घ्या. आणि निवडताना पहिलं प्रकरण चाळा. त्यात कुणीतरी हाताने काही करताना दिसलं, पीठ मळताना, शिडी धरताना, बर्फ उपसताना, तर घ्या. नुसतंच मिणमिणते दिवे, दालचिनीचा वास आणि हिरव्या डोळ्यांचं वर्णन असेल, तर दुसरं बघा.