काळा दगड कार्बन पितो, पण किती वेगाने?

हवामान आणि भूगर्भ यांच्या नात्यावर या वेळी बरीच पत्रे आली. गोंधळ बहुतेकांचा एकच आहे, म्हणून एकत्र उत्तरे देतो.

उन्हाळा कडक असला की भूकंप होतात का?
नाही. ऋतूंची ऊब जमिनीत जेमतेम दहा-वीस मीटर पोचते. भूकंप कित्येक किलोमीटर खोल होतात.

माणसापेक्षा ज्वालामुखीच जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात ना?
नाही. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा वायू माणसाच्या १ टक्क्याहूनही कमी भरतो. असे सांगणारा व्हॉट्सॲपवरचा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.

गावात एजंट आलाय. बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची, भुकटी शेतात टाकली की हवेतला कार्बन शोषला जातो, त्याचे एकरी पैसे मिळतील म्हणतो. सही करू का?
आज नको. दगडाचे विज्ञान खरे आहे आणि त्याच्याच आडून हे लोक येतात, म्हणून सविस्तर सांगतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले, तेव्हा प्रचंड वायू हवेत गेला. लाव्हा थिजून बेसाल्ट झाला आणि पुढे त्याच कातळाने तो परत ओढायला सुरुवात केली. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, दगड झिजवते, सुटलेले कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जाते आणि तिथे चुनखडक बनतो. तुमची काळी जमीन याच झिजेतून आली आहे. पण या कामाला लाखो वर्षे लागतात. दगड दळला की वेग वाढतो, हे मान्य. किती वाढतो, ते माती, पाऊस आणि भुकटीच्या बारीकपणावर ठरते. मोजणी न करता एकरी आकडा सांगणारा माणूस अंदाज विकतोय. शिवाय बेसाल्टमध्ये निकेल, क्रोमियम असू शकते. क्रशरवरची भुकटी तपासल्याशिवाय पिकात घालू नका. आधी माती परीक्षण करा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि करार वकिलाला दाखवा. 'आजच सही करा, मुदत संपतेय' म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवा.

आम्ही कोयनेजवळ राहतो. पावसाळ्यानंतर धक्के वाढतात का? भिंतीला तडा गेलाय, दिवाळीनंतर बघू म्हणतोय.
धरणाची पातळी चढ-उतरते तसा खडकावरचा भार बदलतो, भेगांतल्या पाण्याचा दाबही बदलतो. त्यामुळे तिथे धक्क्यांचा जलाशयाशी संबंध दिसतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथलाच. तुमचा तडा भूकंपाचा की पाया खचल्याचा, हे पत्रावरून सांगता येणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला याच आठवड्यात बोलवा. तोवर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि त्या भिंतीलगत कुणाला झोपवू नका.