कसर: ओल शोधा, मग औषध

प्रश्न: रात्री दिवा लावला की बेसिनमध्ये चंदेरी किडा पळताना दिसतो. पाइपातून वर येतो का? जाळी बसवली, तरी दिसतोच.

उत्तर: पाइपातून येत नाही, वरून पडतो. ही कसर. गुळगुळीत, उभ्या पृष्ठभागावर तिचे पाय ठरत नाहीत. पाण्याच्या शोधात काठावर येते, घसरते आणि अडकते. जाळीचा यात काही दोष नाही. बेसिनमागची फट, पाइप भिंतीत शिरतो तिथली पोकळी आणि टाइल्समधले उडालेले सांधे बघा. ते पूर्ण कोरडे झाल्यावरच सिलिकॉन सीलंट भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. ओल्या फटीत सीलंट नीट धरत नाही आणि मग त्याच्यामागेच कसरीला आयती जागा मिळते.

प्रश्न: कपाटातल्या जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं खरवडल्यासारखी झाली आहेत. हे कसरीचंच काम का? पुस्तकं कशी वाचवायची?

उत्तर: टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. वरचा थर वेडावाकडा खरवडलेला, कडा कुरतडलेल्या, मधेच पिवळट डाग आणि मिरपुडीसारखी बारीक विष्ठा दिसली, तर कसरच. पानांतून आरपार गोल भोक गेलं असेल, तर ती भुंग्याची अळी. मातीचे पापुद्रे किंवा नळ्या असतील, तर वाळवी. वाळवीला खालचे उपाय पुरणार नाहीत.

कसरीला हवं असतं पिठूळ अन्न: बांधणीतली खळ, डिंक, कागदावरचं लेपन, स्टार्च केलेला सुती कपडा. नुसता कागदही ती पचवते.

लागण झालेलं पुस्तक आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा. मग उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजचा साधा खालचा कप्पा चालत नाही; तिथे कसर फक्त सुस्तावते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं: थंडगार पुस्तकाला खोलीतल्या हवेतलं बाष्प चिकटतं आणि कसर गेली तरी बुरशी येते. 24 तास पिशवी बंदच राहू द्या. नंतर मऊ ब्रशने पानांच्या सांध्यातली विष्ठा आणि अंडी झाडा. तैलचित्रं किंवा काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवू नका.

पुस्तकं परत त्याच कपाटात ठेवण्याआधी कपाट भिंतीपासून निदान 5 सेंटिमीटर पुढे ओढा, विशेषतः ती बाहेरची भिंत असेल तर. थंड भिंतीजवळ हवा अडकते आणि दमट होते. आर्द्रतामापक खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नाही, कपाटाच्या मागे ठेवा. 75 टक्क्यांच्या वर कसर सुखात असते. 50 च्या खाली आकडा टिकवलात तर तिचं जगणं अवघड होतं. सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यातच कामाच्या. उघड्या फळीवर त्या खोलीभरची हवा कोरडी करू बघतात आणि लवकरच भरून जातात.

प्रश्न: फवारणी केली, महिन्याभराने कसर पुन्हा हजर. औषध बनावट होतं का?

उत्तर: असेलच असं नाही. फटीतल्या अंड्यांपर्यंत फवारा सहसा पोचत नाही आणि ती फुटायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून आधी वस्ती कुठे आहे ते शोधा. काचेच्या चार बरण्या घ्या, बाहेरून तळापासून काठापर्यंत कागदी चिकटपट्टी लावा आणि आत चिमूटभर पीठ टाका. पट्टीवरून कसर चढते, आत पडते, बाहेर येऊ शकत नाही. काचेला आतून पीठ चिकटलं असेल तर मात्र तिला पायरी मिळते. आतली बाजू लख्ख पुसा. चार जागी आठवडाभर ठेवा. जिथे जास्त सापडतील, तिथेच ओल शोधा.

बोरिक पावडर वापरायची तर भिंतीलगतच्या फटीत, फर्निचरवर बसते तेवढ्याच पातळ धुळीसारखी. ढीग घातला की कसर वळसा घालून जाते. ओल्या जागी गुठळ्या होतात, म्हणून आधी कोरडं करा. मुलं, पाळीव प्राणी किंवा अन्न जिथे पोचतं तिथे अजिबात नको. पावडर टाकताना नाकातोंडावर मास्क हवा.

प्रश्न: भिंतीवर भोपळ्याच्या बीसारख्या करड्या, चपट्या पिशव्या सरकताना दिसतात. हीसुद्धा कसरच ना?

उत्तर: नावाचा घोळ जुनाच आहे. बरेच लोक हिलाही कसर म्हणतात, पण ही एका बारीक पतंगाची अळी. धूळ आणि धाग्यांची पिशवी विणून त्यात राहते, दोन्ही टोकांनी डोकं बाहेर काढते. कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकर हे तिचं खाणं. व्हॅक्यूम क्लीनरने जाळी-जळमटं काढा, छताचे कोपरे विसरू नका. पिशव्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

प्रश्न: कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू का? कसर चावते का?

उत्तर: चावत नाही, रोगही पसरवत नाही. गोळ्यांचा वास उघडझाप होणाऱ्या कपाटात टिकत नाही, तुमच्याच श्वासात जातो. नॅफ्थॅलीनच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत कधीच नकोत. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात.