ब्रेक जास्त लागतो, म्हणून सोयरीक करू का?

"ताई, वय 27, गाव दारव्ह्याजवळ. मला शाळेपासून पुरुषच आवडतात. जागलीला मचाणावर बसून मोबाईलवर लैंगिक उत्तेजनेची प्रश्नावली भरली. उत्तेजना मध्यम आली, अडसर खूप जास्त. दिग्रसच्या मित्रासोबत असतानाही रस्त्यावर गाडी वाजली की सगळं थंड पडते. म्हणजे मी खरा समलिंगी नाही, नुसता दबलेला आहे का? मामा म्हणतात, बायको आली की सगळं जाग्यावर येते. तुळशीचं लग्न लागलं की मुलीकडं जायचं आहे. हो म्हणू का?"

हो म्हणू नकोस. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाच.

लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्से इन्स्टिट्यूटच्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांच्या मांडणीवर उभी असलेली 45 विधानांची प्रश्नावली 2002 साली प्रसिद्ध झाली. तू भरलीस ती तीच, नाहीतर तिचीच बहीण. म्हणणं असं, की माणसाच्या अंगात रेस म्हणजे उत्तेजना वेगळी आणि ब्रेक म्हणजे अडसर वेगळा. ब्रेकही दोन: एक 'आपल्याला जमेल का' या धास्तीचा, दुसरा परिणामांच्या भीतीचा. गाडी कोणत्या गावाला निघाली, म्हणजे तुला कोण आवडतं, हे त्यात कुठंच मोजत नाहीत. ते तर तू पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंस.

आता तुझ्या ब्रेकचा आकडा. कोणी पाहू शकेल अशा जागी उत्तेजना टिकते का, असं विचारणारं एक विधान त्यात आहे. मूळ अभ्यासातले 408 पुरुष इंडियाना विद्यापीठातले, सगळे भिन्नलिंगी. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खोलीला आतून कडी असेल. तुला साधी प्रश्नावली भरायलाही मचाण गाठावं लागलं! नको असलेल्या गर्भाच्या धास्तीचंही एक विधान आहे. पुरुषावर जीव असलेल्या पुरुषानं तिथं काय खूण करायची? म्हणून वेगवेगळा लैंगिक कल असलेल्या लोकांचे आकडे शेजारी मांडण्याआधी विधानाचा अर्थ दोघांना सारखाच लागतो का, हे तपासावं लागतं. पुढे समलिंगी पुरुषांशीही तुलना झाली. त्यात 'जमेल का' ही धास्ती त्यांच्यात सरासरीनं जास्त दिसली. म्हणजे तुझ्या हिशेबानं त्यातले कितीतरी जण 'खरे' नव्हतेच म्हणायचे!

गाडी वाजली की थंड पडणं म्हणजे अंगानं धोका ओळखणं. पहाटे ताठरता येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे. येतच नसेल तर शुगर, बीपी तपासून घे. बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून बसणाऱ्या वैदूच्या पुड्या मात्र आणू नकोस.

मामांना तुझ्याबद्दल काळजी आहे, मान्य. पण येणाऱ्या पोरीचा विचार त्यात कुठं आहे? तिचा बाप कापूस विकून लग्न लावून देईल, आणि वर्षभरात ती आरशासमोर उभी राहून स्वतःतच खोट शोधत बसेल.

गावात सगळ्यांना सांगून टाक, असं मी म्हणणार नाही. शहरातले लोक फार सहज म्हणतात. सप्टेंबर 2018 पासून समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, पण न्यायालय काही पारावर येऊन बसत नाही. कोणी डॉक्टर 'बरं करून देतो' म्हणाला तर उठून ये. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्ये असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नागपूरला सारथी ट्रस्ट आहे, तिथं तुझ्यासारखी माणसं भेटतील.

मामांना कारण द्यायलाच हवं असं नाही. 'यंदा लग्न करायचं नाही' एवढं पुरे, पुढच्या वर्षी परत तेच. फक्त हे मुलीकडं जायच्या आधी सांग. पोरगी पाहून मग नकार दिलास, तर गावात बोलणी तिला बसतात.