विंडोज की मॅक? आधी फाइलीतला फॉन्ट पाहा

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तालुक्याच्या गावी वडिलांचे २६ वर्षांपासून डीटीपी आणि छपाईचे दुकान आहे. तिथे विंडोजवर पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये काम चालते. त्यातला एक संगणक विंडोज ११ घेत नसल्यामुळे आता बदलायचाच आहे. माझ्या वर्गातले बरेच जण मॅक घेत आहेत आणि आमचे सरही तेच सुचवतात. बाबा मात्र म्हणतात, ‘मॅक आणलास तर माझ्या एकाही फाइलला हात लावता येणार नाही.’ एकाच खर्चात माझे शिक्षण आणि दुकान दोन्ही भागावे, अशी इच्छा आहे. आम्ही मॅककडे वळावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक दुकानाचा आहे आणि दुसरा तुमच्या शिक्षणाचा. दोन्हींसाठी यंत्र मात्र एकच घ्यायचे असल्यामुळे प्रश्नही एकच आहे, असे तुम्हाला वाटू लागले आहे. माझे मत आधीच सांगतो. दुकान मॅकवर नेऊ नका आणि स्वतःसाठीही या वर्षी मॅक घेण्याची घाई करू नका. मात्र तुमच्या वडिलांना अडवून धरणारी गोष्ट विंडोज नसून त्यांच्या फाइलींमधला फॉन्ट आहे, आणि ती गाठ तशीच राहिली तर विंडोजचे नवे यंत्र घेऊनही तुम्ही आहात तिथेच राहाल.

एक साधा प्रयोग करून पाहा. दुकानातल्या संगणकावर एखाद्या पतसंस्थेच्या गेल्या वर्षीच्या अहवालातला एक परिच्छेद उचला, वर्डमध्ये चिकटवा आणि त्याला ‘मंगल’ किंवा ‘मुक्ता’ हा फॉन्ट लावा. ‘सभासद बंधू-भगिनींनो’ या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांची खिचडी दिसेल, कारण संगणकाच्या लेखी तो मजकूर कधी मराठी नव्हताच. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. ‘किती’ हा शब्द टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क आधी आणि वेलांटी नंतर, उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते. शिवाय जुन्या फॉन्टांमध्ये हे तुकडे कोणत्या जागी बसवायचे हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले होते, म्हणून एका दुकानाची फाइल शेजारच्या दुकानात, विंडोजवरून विंडोजवर नेली, तरी तिची खिचडीच होते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तिच्यात होती. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्याकडे पोहोचला. म्हणजे जवळपास पाव शतक ही सोय घराघरांतल्या संगणकांवर आहे. तरीही डीटीपीच्या दुकानांत ती शिरली नाही, याचे मुख्य कारण पेजमेकर. या सॉफ्टवेअरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. पेजमेकरसाठी जुना फॉन्ट लागतो, त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरसाठी पुष्कळदा यूएसबीला लावायचे लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही असे छोटे उपकरण) लागते आणि लॉकसाठी विंडोज लागते. वडील ज्याला ‘विंडोज’ म्हणतात ती ही सगळी साखळी आहे. गंमत अशी की, १९८५ मध्ये पेजमेकर पहिल्यांदा आले ते मॅकवरच. डीटीपी हा धंदा त्या जोडीतून उभा राहिला आणि ‘डिझाइन म्हणजे मॅक’ हा तुमच्या वर्गात आजही टिकून असलेला समज त्या काळातला आहे. आजच्या मॅकवर मात्र पेजमेकर उघडतसुद्धा नाही.

मॅकवरच विंडोज चालवता येते, असे तुम्हाला कोणी तरी सांगेल. नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलने स्वतःच्या चिपवरचे मॅक विकायला सुरुवात केली आणि जुन्या मॅकवर थेट विंडोज बसवण्याची ‘बूट कॅम्प’ ही सोय त्यांच्यात राहिली नाही. आता मॅकच्या आत विंडोज चालते ते एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरसाठी बनवलेले. त्यावर नेहमीचे बरेच प्रोग्रॅम चालतात, परंतु लॉक ओळखणारा ड्रायव्हर त्या जातीसाठी वेगळा बनवलेला असावा लागतो. वडिलांकडचे फॉन्टचे सॉफ्टवेअर किती जुने आहे ते पाहिले, तर तो मिळण्याची आशा फारशी धरू नये. एवढा खर्च करून जे यंत्र आणायचे, त्यावर आपले लॉक चालेल की नाही ही धाकधूक कशाला?

दुकानासाठी म्हणून सांगायचे, तर विंडोजवरच राहून पेजमेकरकडून इनडिझाइन या पाने लावण्याच्या नव्या सॉफ्टवेअरकडे आणि जुन्या फॉन्टकडून युनिकोडकडे जाणे हा खरा बदल आहे, आणि तो तुम्हीच घडवून आणू शकता. इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर लावताना परिच्छेदाच्या पर्यायांमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडला नाही, तर जोडाक्षरे फुटतात आणि मग ‘इनडिझाइनमध्ये मराठी येत नाही’ असा निकाल दुकानात लागून जातो. भाषाही मराठीच निवडा, कारण ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची तरतूद असते, त्यात तेवढ्याने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप येतात. नवा फॉन्ट पारखताना ‘कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्यांत, धर्मार्थ, वाङ्मय’ एवढे शब्द टाइप करून प्रूफ काढून पाहावे. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत मिळतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. कोरलड्रॉ २०१९ पासून पुन्हा मॅकसाठीही मिळू लागले आहे हे खरे. पण तुमच्या गावचा फ्लेक्सवाला ओपन (बदल करता येईल अशी मूळ) फाइल मागणार ती त्याच्याकडच्या जुन्या आवृत्तीतली, त्यामुळे त्या बाबतीत तूर्त काहीच हलवू नका.

सगळ्या जुन्या फाइली बदलण्याच्या मागे लागू नये. लग्नपत्रिका पुन्हा कोणी मागत नाही. सहकारी संस्थांचे अहवाल मात्र दरवर्षी त्याच सूचना, तेच पोटनियम आणि तेच तक्ते घेऊन परत येतात, म्हणून गेल्या तीन वर्षांचे अहवाल आधी घ्यावेत. पेजमेकरची फाइल सरळ उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस ६ या जुन्या आवृत्तीपर्यंतच होती. त्यामुळे पानाची मांडणी नव्याने करावी लागेल आणि मजकूर तेवढा रूपांतरकातून, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढून घ्यावा लागेल. रूपांतरकाचे काम एकदा वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. माझ्या परिचयातल्या एका मुद्रणालयाने ऐन ऑगस्टमध्ये हा बदल केला. त्यांच्या रूपांतरकाला ‘ऱ्ह’ ओळखता येत नव्हता, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर, श्रद्धांजलीच्या यादीत, ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव ‘कुहाडे’ होऊन छापले गेले. सर्व प्रती परत घ्याव्या लागल्या. मुद्रणालयाने दोष युनिकोडला दिला आणि दिवाळीनंतर ते पुन्हा पेजमेकरवर गेले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात, त्यापाठोपाठ दिवाळीची कामे येतात आणि तुळशीचे लग्न लागले की पत्रिका सुरू होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आषाढातले चार आठवडे या कामासाठी धरा, आणि जुना संगणक पेजमेकर व लॉकसह, इंटरनेटचे जोडणे काढून, आणखी दोन वर्षे कोपऱ्यात चालू ठेवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी नेटवर नसलेल्या यंत्राला त्याचा धोका कमी असतो.

टायपिंगच्या बाबतीत वडिलांवर सक्ती करू नका. २६ वर्षे कळफलकाच्या एका मांडणीवर बसलेला हात इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीवर आणायला गेलात, तर पहिल्याच आठवड्यात सगळे बारगळेल. टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही वापरता येते. त्यांनी त्याच मांडणीवर टाइप करावे. इनस्क्रिप्ट तुम्ही शिका, कारण ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर मुळातच दिलेली असते आणि उद्या कोणत्याही कार्यालयात तुमची अडचण होणार नाही.

आता तुमच्याविषयी. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन दोन्हीकडे सारखेच चालतात, फिग्मा तर ब्राउझरमध्ये चालते. जाहिरातसंस्थेत किंवा पॅकेजिंगमध्ये मुलाखत घेणारा तुमचा पोर्टफोलिओ पाहतो. तो कशावर केला हे क्वचित विचारतो. मॅकवाचून खरोखर अडते ते मोजक्या वाटांवर. व्हिडिओसाठी फायनल कट प्रो हवे असेल किंवा एखाद्या संस्थेत ‘स्केच’ हे डिझाइनचे सॉफ्टवेअर वापरत असतील, तर तिथे पर्याय नाही, आणि अक्षररचनाकारांमध्ये लोकप्रिय असलेले ‘ग्लिफ्स’ हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालते. यापैकी कोणती वाट तुमची आहे, याचा एक शब्दही तुमच्या पत्रात नाही. मला ती मॅकच्या किमतीहून मोठी उणीव वाटते. तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत दोन महिने कुठे तरी उमेदवारी करा, महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतल्या मॅकवर हात बसू द्या, आणि मग ठरवा.

तरीही एक गोष्ट सुचवाविशी वाटते, कारण ती तुमच्या वर्गात बहुधा दुसऱ्या कोणाकडे नसेल. मराठी प्रकाशकांची कित्येक वर्षांची पुस्तके जुन्या फॉन्टांत अडकून पडली आहेत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली आणि ई-पुस्तकाला युनिकोडवाचून गत्यंतर नाही. जुन्या फाइलीतला रफार कुठे बसतो हे ज्याने दुकानात पाहिले आहे आणि नव्या फॉन्टची वळणे ज्याला महाविद्यालयात शिकायला मिळाली आहेत, असा माणूस या कामाला हवा असतो. वडिलांचे तीन अहवाल युनिकोडमध्ये आणण्याचे काम नीट नोंदी ठेवून केलेत, आधीचे आणि नंतरचे पान शेजारी शेजारी मांडलेत, तर पोर्टफोलिओतला तो विभाग तुमच्या भित्तिचित्रांपेक्षा जास्त वेळ पाहिला जाईल. त्या कामात मन रमले आणि अक्षररचनेकडे वळावेसे वाटले, तर चौथ्या वर्षी सीईईडी या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करून मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाचा विचार करावा. मॅक घेण्याला तेव्हा कारण असेल.

खरेदीपुरते दोन शब्द. आता घ्यायचा विंडोजचा संगणक इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरचा आणि १६ जीबी मेमरीचा घ्या. एआरएम प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉपही हल्ली दुकानांत दिसतात आणि त्यांची बॅटरी चांगली टिकते, परंतु लॉकची जी अडचण मॅकवर येते तीच तिथेही येईल. पैसे देण्यापूर्वी वडिलांचे लॉक सोबत घेऊन जा आणि दुकानदाराच्या समोर ते लावून, फॉन्ट उघडतो का ते पाहा. पुढे मॅक घ्यायचे ठरलेच, तर मॅकबुकऐवजी मॅक मिनीची चौकशी करा, कारण पडदा, कळफलक आणि माउस तुमच्या दुकानात आहेतच; मेमरी तेवढी पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या, ती त्यात नंतर वाढवता येत नाही.