सरकारी कार्यालय आपला कोड वापरते तेव्हा

प्रश्न : दस्तऐवजांच्या रूपांतरासाठी मी एक छोटी ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेली) लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणारा तयार कोड, लिहिली असून तिची देखभालही मीच करतो. युरोपातील काही सरकारी कार्यालये ती वापरतात, हे त्यांनी नोंदवलेल्या त्रुटींवरून मला समजले. त्यांच्याशी रीतसर काम कसे सुरू करावे, त्याचा मोबदला मिळू शकतो का आणि युरोपच्या नव्या सायबरसुरक्षा कायद्याने माझ्यावर काही जबाबदारी येते का?

उत्तर : आधी कायद्याविषयी, कारण त्याच्या धास्तीने अनेक जण पुढचा विचारच करत नाहीत. युरोपीय संघाचा 'सायबर रेझिलियन्स ॲक्ट' डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. व्यावसायिक हेतूविना कोड खुला करणाऱ्या व्यक्तीवर हा कायदा उत्पादकाची जबाबदारी टाकत नाही. आपली लायब्ररी स्वतःच्या उत्पादनात घालून ते विकणाऱ्या कंपनीवर मात्र ती येते. त्याच लायब्ररीसाठी आपण नफ्याच्या हेतूने सशुल्क सेवा देऊ लागलात, तर आपले स्थान बदलू शकते. म्हणून तसा करार करण्यापूर्वी कायदेतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

मोबदल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. युरोपातील कार्यालये निविदा काढून खरेदी करतात, आणि त्या निविदांमध्ये वार्षिक उलाढाल, विमा, पूर्वानुभव अशा अटी असतात, ज्या एकट्या विकसकाला सहसा पूर्ण करता येत नाहीत. कार्यालयाला कोड फुकट मिळतोच. पैसे मोजले जातात ते बिघाड झाल्यास उत्तर देणाऱ्या पक्षासाठी. त्यामुळे त्या देशातील एखाद्या सेवा कंपनीचे उपकंत्राटदार होणे हा व्यवहार्य मार्ग आहे. केलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पातच परत यावी, असे कलम करारात आवर्जून घालून घ्यावे. ते नसेल, तर कार्यालयाकडे वेगळी आवृत्ती तयार होते आणि काही वर्षांत तिला कोणी वाली उरत नाही.

दुसरा मार्ग अनुदानाचा. जर्मन सरकारच्या पैशातून २०२२ मध्ये सुरू झालेला 'सॉव्हरिन टेक फंड' पायाभूत ओपन सोर्स प्रकल्पांच्या देखभालीसाठी पैसे देतो. २०२३ मध्ये त्याने ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या प्रकल्पासाठी दहा लाख युरो मंजूर केले होते. नेदरलँड्समधील 'एनएलनेट' ही संस्था लहान कामांनाही अनुदान देते. अर्जात नव्या सुविधांची जंत्री देण्यापेक्षा कोणकोणत्या यंत्रणा आपल्या लायब्ररीवर अवलंबून आहेत, हे दाखवावे. नोंदवल्या गेलेल्या त्या त्रुटी, कंटाळवाण्या वाटल्या तरी, येथे उत्तम पुरावा ठरतात.

कोड वापरण्याचा परवाना स्पष्ट असावा, एवढे बहुधा आपण सांभाळलेच असेल. इटलीत सार्वजनिक संस्था सॉफ्टवेअर शोधतात त्या 'डेव्हलपर्स इटालिया' या सूचीसाठी 'पब्लिककोड.वायएमएल' नावाची माहितीची फाइल ठरलेली आहे. ती आपल्या कोडच्या भांडारात ठेवायला फारसा वेळ लागत नाही.

प्रश्न : सरकारांनी स्वतः सुरू केलेल्या ओपन सोर्स प्रकल्पांत बाहेरच्या विकसकाला काम करता येते का?

उत्तर : येते. एस्टोनिया व फिनलंड यांनी २०१७ मध्ये स्थापन केलेली संस्था 'एक्स-रोड' ही माहिती-देवाणघेवाणीची प्रणाली सांभाळते आणि तिचा कोड एमआयटी या मोकळ्या वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुला आहे. फ्रान्स व जर्मनी मिळून विकसित करत असलेला 'डॉक्स' हा लेखन-संपादकही असाच खुला आहे. मात्र अशा प्रकल्पांत पुढे काय बांधायचे, हे त्यामागील सरकारी संस्था ठरवतात. त्यामुळे मोठा बदल लिहून मग पाठवण्यापेक्षा आधी प्रस्ताव मांडून त्यांचा होकार घ्यावा, आणि उत्तराला विलंब लागला तर तो नकार समजू नये.