यान परतताना पेटतं, कारण ते ब्रेक लावत असतं

शुभांशु शुक्लांचं यान १५ जुलै २०२५ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं. ते बघून एका मुलीने विचारलं की फाल्कन रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा मोठा भाग, पाय बाहेर काढून उभाच्या उभा उतरतो, मग आत माणसं असलेलं यान आगीच्या लोळातून कशाला आणायचं, हळूच का नाही उतरवत? प्रश्न फक्कड आहे. त्यावर कोणी दिलेलं ‘तंत्रज्ञान अजून तिथवर पोचलेलं नाही’ हे उत्तर मात्र मला पटत नाही. ती आग मुद्दाम ओढवून घेतलेली असते. वेग मारायचा तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

आधी बूस्टरचं बघू. तो कक्षेत जातच नाही. अडीचेक मिनिटांत काम उरकून सुटा होतो, तेव्हा त्याचा वेग कक्षेतल्या वेगाच्या जेमतेम पाव असतो. वेग पाव म्हणजे किलोमागे ऊर्जा सोळावा हिस्सा. त्यामुळे तळाशी उरलेल्या थोड्या इंधनावर त्याचं भागतं, आणि त्याचाही बराचसा वेग हवाच खाते.

यानाचं दुखणं वेगळं. अवकाश स्थानक ४०० किलोमीटरवर आहे म्हटलं की लोकांना उंचीची धास्ती वाटते, पण जिरवायच्या एकूण ऊर्जेत उंचीचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास. बाकी सगळी वेगाची: सेकंदाला ७.८ किलोमीटर, म्हणजे ताशी २८,०००. हा वेग इंजिनाने मारायचा तर जवळपास तेवढाच जोर लावावा लागेल जेवढा तो मिळवायला लावला होता. रशियाच्या सोयुझ यानाची माणसं बसतात ती कॅप्सूल साधारण २.९ टनांची. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने वायू फेकणारं, यानांवर असतं तसलं इंजिन धरलं तर तिला थांबवायला ३६ टनांच्या आसपास इंधन लागतं. टाक्या आणि इंजिनाचं वजन यात धरलेलंच नाही. आता हे ३६ टन वर कोण नेणार? ३०० टनांहून जड असलेलं सोयुझ रॉकेट कक्षेत नेतं ते सातेक टन!

म्हणून प्रत्यक्षात काय करतात, तर सोयुझचं इंजिन उलट्या दिशेने साडेचार मिनिटांच्या आसपास चालवतात आणि सेकंदाला १२०-१३० मीटर एवढाच वेग कमी करतात. एकूण वेगाच्या दोन टक्केसुद्धा नाही. तेवढ्याने कक्षा खाली झुकते, यान १०० किलोमीटरच्या आसपास दाट होत जाणाऱ्या हवेत शिरतं, आणि पुढचं सगळं हवा बघते. पॅराशूट उघडायच्या वेळी वेग विमानाएवढा उरलेला असतो.

ही उष्णता हवेच्या घर्षणाची, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. घर्षण असतंच, पण मुख्य कारण दाब. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं ना, तेच. समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, ती दाबली जाते आणि काही हजार अंशांपर्यंत तापते. अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेतल्या ज्युलियन अ‍ॅलन यांच्या १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामाचं मोल इथे कळतं. तोवर वाटायचं की वेगवान वस्तूचं नाक टोकदार हवं. अ‍ॅलन यांनी दाखवलं की उलट ते बोथट हवं. बोथट बुडापुढे आघात-तरंग, म्हणजे दाबलेल्या हवेची जणू भिंतच, थोडा दूर उभा राहतो आणि बहुतेक उष्णता आजूबाजूच्या हवेबरोबर निघून जाते. अमेरिकेच्या पहिल्या मर्क्युरी यानापासून शुक्लांच्या ड्रॅगनपर्यंत बहुतेक कॅप्सूल बूड पुढे करून का येतात, ते यात आलं. उरलेल्या उष्णतेसाठी हीट शील्ड, म्हणजे उष्णतेची ढाल असते, जी स्वतः जळून, झडून उष्णता घेऊन जाते. अपोलोच्या ढालीत मधाच्या पोळ्यासारखी ३,७०,००० च्या वर घरं होती आणि त्या प्रत्येकात पिस्तुलासारख्या हत्याराने हाताने लेप भरलेला होता. एखाद्या घरात बुडबुडा सापडला तर कोरून पुन्हा भरायचं. काय चिकाटी असेल त्या लोकांची!

बूड पुढे नसेल तर काय होतं, हे सोव्हिएत अंतराळवीर बोरिस व्होलिनोव्ह यांनी भोगलंय. १८ जानेवारी १९६९, सोयुझ ५. दोन सहकारी अवकाशातच सोयुझ ४ मध्ये गेलेले, त्यामुळे हे एकटे, अंगात स्पेससूटही नाही. परतताना मागचा इंजिनाचा भाग सुटलाच नाही. कॅप्सूल आणि तो भाग यांच्या जोडगोळीने हवेत स्वतःच तोल धरला तो नाक पुढे करून, म्हणजे जिथे दरवाजा आणि ढाल सगळ्यात पातळ, तीच बाजू आगीकडे. दरवाज्याचं रबर जळायला लागलं, आत धूर झाला, आणि व्होलिनोव्ह आसनात रेलण्याऐवजी पट्ट्यांवर लोंबकळत होते. शेवटी जोडणारे दुवेच जळून तुटले. कॅप्सूलचं वजन बुडाकडे जास्त, त्यामुळे ती आपोआप फिरून सरळ झाली. पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या, आपटण्याचा जोर मारणारी छोटी इंजिनंही नीट चालली नाहीत, दणक्याने त्यांचे दात तुटले. उतरले ते ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर लांब, उरलच्या बर्फात. मदत यायला वेळ लागणार हे ओळखून ते बाहेर पडले आणि एका झोपडीचा धूर बघून तिथवर चालत गेले. सात वर्षांनी हाच माणूस पुन्हा अवकाशात गेला.

‘मग पंख लावून निवांत तरंगत यावं’ असंही कोणी म्हणेल. अमेरिकेचं पंखवालं स्पेस शटल तेच करायचं. त्यात माणसावर येणारा भार कमी, पण तापत राहण्याचा वेळ जास्त आणि सांभाळायचा पृष्ठभाग प्रचंड. फेब्रुवारी २००३ मध्ये डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या एका भोकामुळे कोलंबिया हे शटल आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. माझं मत विचाराल तर माणसांसाठी साधी, बोथट कॅप्सूलच बरी. तीही गुरुत्वमध्य जरा बाजूला ठेवून थोडी तिरकी उडवतात, म्हणजे हवेचा थोडा आधार मिळतो आणि भार ४ जीच्या, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपटीच्या आसपास राहतो. तो आधार गेला तर यान दगडासारखं येतं. २००८ मध्ये सोयुझ टीएमए-११ तसं आलं, तेव्हा आतल्या तिघांनी ८ जीच्या वर सोसलं.

दिल्लीला गेलात तर मुलांना तीन मूर्तीजवळच्या नेहरू तारांगणात नक्की न्या. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले सोयुझ टी-११ मधून, पण परतले टी-१० मधून, आणि ती परतीची कॅप्सूल तिथे ठेवली आहे. तिच्या बुडाला मोठी ढाल मात्र दिसायची नाही. सोयुझ पॅराशूटवर खाली येताना ती टाकून देतं, कारण जमिनीपासून मीटरभरावर पेटणारी छोटी इंजिनं तिच्यामागेच असतात.